सरपंच बरा की प्रशासक?

मार्च २०२२ मध्ये यवतमाळ, अमरावती जिल्हा परिषदांची मुदत संपून निवडून आलेल्या सदस्यांच्या जागी सरकारी अधिकारी प्रशासक म्हणून आले, तेव्हा पारावर काही जण खूशच होते: कमिशनवाले गेले! प्रशासक शिकलेला, नियमानं चालणारा. पण नाली तुंबली तर त्याला गाठायचं कुठं? बदली झाली की तो मोकळा.

सरपंचही खातो, कधी कंत्राटदार त्याचाच साळा निघतो. तरी मी सरपंचाच्या बाजूनं. त्याचं घर गावात, त्याच्यावर अविश्वास आणता येतो, ग्रामसभेत हिशेब मागता येतो. (घरोघरी सह्या फिरवून उरकलेली ग्रामसभा मात्र काही कामाची नाही.) गडचिरोलीतल्या मेंढा-लेखात सगळे बसून एकमतानं ठरवतात, २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर बांबूविक्रीचा व्यवहारही ग्रामसभेनंच हाती घेतला.