संस्थेत की कॉलेजात? कॅलिफोर्नियात कोर्टाची पायरी चढलेल्या मुलांसोबत काम करायचं असेल तर

बे एरियातल्या दोन-तीन मराठी मैत्रिणींनी या वर्षी मला एकच प्रश्न विचारला. एमएसडब्ल्यू झालंय किंवा होत आलंय, ज्युवेनाइल हॉलमधून, म्हणजे अल्पवयीन मुलांच्या कोठडीतून, बाहेर पडणाऱ्या मुलांच्या कॉलेजशिक्षणासाठी काम करायचंय, आणि समोर दोन जाहिराती आहेत. एक ना-नफा संस्थेची, दुसरी कम्युनिटी कॉलेजची, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजची. अर्ज कुठे करू? मी आधी संस्थेत होते, आता कॉलेजात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जाहिरातीत ‘जस्टिस-इम्पॅक्टेड यूथ’ असा शब्द असतो. अटक, खटला, प्रोबेशन (कोर्टाच्या देखरेखीखाली बाहेर राहणं), कोठडी यांतून गेलेली ही मुलं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये असं आपण घरोघर ऐकलंय. यांना ती चौदाव्या-पंधराव्या वर्षीच चढावी लागलेली असते.

हे काम नवं नाही. स्वतः कॅलिफोर्नियातल्या सोलेडॅडच्या तुरुंगात शिक्षा भोगून प्राध्यापक झालेल्या जॉन अर्विन यांनी १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठात, तुरुंगातून सुटलेल्यांना कॉलेजशिक्षणाकडे आणणारा ‘प्रोजेक्ट रिबाउंड’ सुरू केला. नोकऱ्या मात्र अलीकडे वाढल्या. २०१९ च्या कायद्यानं, हॉलमधल्या बारावी झालेल्या मुलांना कॉलेजचे वर्ग उपलब्ध करून देणं काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) प्रोबेशन खात्याला बंधनकारक झालं. २०२२ च्या अर्थसंकल्पात राज्यानं याच कामासाठी कम्युनिटी कॉलेजांना दरवर्षी दीड कोटी डॉलर ठेवले. ३० जून २०२३ ला राज्याचा बालसुधार विभाग बंद झाला आणि गंभीर गुन्ह्यांतली मुलंही काउंट्यांकडे आली. आज दिसणाऱ्या जागा बऱ्याचशा या तीन घटनांतून आल्यात.

आता फरक. तो जाहिरातीतल्या कामाच्या यादीत सापडणार नाही, म्हणून एक प्रसंग सांगते.

एका शुक्रवारी दुपारी कोर्टानं एका मुलाला घरी सोडलं. हॉलमध्ये असतानाच तो कॉलेजचा इंग्रजीचा वर्ग करत होता आणि निबंध रविवारी रात्री ११:५९ पर्यंत द्यायचा होता. लॅपटॉप हॉलचा, तो तिथंच राहिला. हातात होता फक्त छोट्या पेन्सिलीनं लिहिलेला, चार घड्या घातलेला कच्चा खर्डा. आजीच्या फोनवरून पोर्टल उघडायला गेला तर ओटीपी मागितला, आणि ओटीपी जाणार होता हॉलमधल्या शिक्षकाच्या नंबरवर, कारण नोंदणी झाली तेव्हा या मुलाकडे फोनच नव्हता. मी तेव्हा संस्थेत होते. शनिवारी आजीच्या घरी गेले, माझ्या लॅपटॉपवर त्यानं निबंध टाइप केला, प्राध्यापिकेला आम्ही ईमेल लिहिला. पण त्याचं खातं उघडून देणं माझ्या हातात नव्हतं. सोमवारी कॉलेजच्या खिडकीपुढं पावणेदोन तास उभे राहिलो.

आता तेच काम माझ्या एका फोनवर दहा मिनिटांत होतं. पण शनिवारी आजीच्या घरी मी जाऊ शकत नाही. माझे तास ठरलेले आहेत, आणि मुलानं कॉलेज सोडलं किंवा दुसऱ्या काउंटीत गेला की तो माझ्या यादीतून जातो. संस्थेतली माणसं मुलामागं जातात. कॉलेजातल्या माणसाकडं किल्ल्या असतात, पण दाराबाहेरचं त्याचं नाही. तुम्हाला यातलं कुठलं अपुरेपण सोसेल, यावर निम्मा निर्णय ठरतो.

पैशांचं बघू. १५ किंवा जास्त कर्मचारी असतील तर पगाराची श्रेणी जाहिरातीतच छापणं कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचं आहे, तेव्हा विचारायला संकोच नको. कॉलेजात श्रेणीतल्या पायऱ्या जाहीर असतात, युनियन असते, आणि पाच वर्षं भरली की कॅलपर्स या सरकारी कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिनिधीच्या पेन्शनचा हक्क मिळतो. संस्थेबद्दल मात्र तुम्हीच खणायचं. ५०१-सी-३ (करमुक्त धर्मादाय) संस्थेचा अमेरिकी आयकर खात्याकडचा फॉर्म ९९०, म्हणजे वार्षिक जमाखर्च, कुणालाही पाहता येतो, प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. तीन वर्षांचे फॉर्म शेजारी ठेवून उत्पन्न चढतंय की घसरतंय, त्यात सरकारी अनुदान किती, आणि वर्षाअखेरीस हातात काय उरतं ते बघा. सार्वजनिक सेवेतल्या लोकांना मिळणाऱ्या शैक्षणिक कर्जमाफीसाठी लागणारे १२० मासिक हप्ते दोन्हीकडे धरले जातात, त्यामुळे तो मुद्दा सोडून द्या.

व्हिसाचा मुद्दा मात्र सोडता येत नाही, आणि इथंच आपल्या मुली चुकतात. एच-४ वर (नवऱ्याच्या एच-१बी नोकरी-व्हिसाच्या आधारे) कामाचा परवाना असेल तर दोन्ही दारं सारखी. पण विद्यार्थी व्हिसावरून ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीवर, आला असाल तर एमएसडब्ल्यूला बाराच महिने मिळतात, आणि त्यात ९० दिवसांहून जास्त बेकार राहता येत नाही. कॉलेजची भरती कमिटीची असते. पुरवणी प्रश्नांची उत्तरं, छाननी, दोन मुलाखती, मग मंडळाची मंजुरी. यात महिने जातात. संस्था बहुधा काही आठवड्यांत कळवते. उलट पुढं एच-१बी लागणार असेल तर सरकारी कॉलेज या व्हिसांच्या वार्षिक मर्यादेच्या आणि लॉटरीच्या बाहेर असतं, साधी संस्था नसते. म्हणून ओपीटीवाल्यांना मी सांगते की घड्याळ थांबवायला संस्था घ्या आणि त्याच आठवड्यात कॉलेजचे अर्जही सुरू करा. कॉलेज व्हिसाची कागदपत्रं करतं का, हे मात्र एचआरला आधी विचारा, ऑफर आल्यावर नाही.

अर्जाबद्दल थोडं. ‘लिव्ह्ड एक्स्पीरियन्स (स्वतः त्यातून गेल्याचा अनुभव) असल्यास प्राधान्य’ हे वाक्य वाचून आपल्यातल्या अनेक जणी माघार घेतात. घेऊ नका, आणि नसलेला अनुभव ओढूनताणून दाखवूही नका. चुलतभावाला एकदा पोलिसांनी पकडलं होतं, असलं काही कव्हर लेटरमध्ये घालू नका. मला हे आयुष्य माहीत नाही, आर्थिक मदतीचे फॉर्म मात्र माहीत आहेत, असं सरळ लिहिलेलं पत्र आमच्या कमिटीत वर सरकतं. तयारी म्हणून एक गोष्ट पक्की करा. पेल ग्रँट म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना केंद्र सरकारकडून मिळणारी मदत. तिच्यावरची १९९४ ची बंदी संघराज्याच्या आणि राज्यांच्या तुरुंगांतल्या कैद्यांवर होती, १ जुलै २०२३ ला उठली, आणि ज्युवेनाइल हॉलमधल्या मुलांना ती कधीच लागू नव्हती. इतकी वर्षं कित्येक मुलांना उगाच ‘तुला मिळणार नाही’ म्हणून सांगितलं गेलं, याचा मला अजून संताप येतो.

निवड झाली की लाइव्ह स्कॅनवर बोटांचे ठसे द्यावे लागतात. हॉलमध्ये जायचं तर प्रोबेशन खात्याची वेगळी परवानगी लागते, तिलाही वेळ जातो. आणि मुलाला ‘तू काय केलंस?’ असं विचारायचं नाही. दोन्हीकडे पहिल्याच दिवशी हे सांगतात.

माझं मत विचाराल तर घरात दुसरा पगार आणि हातात परवाना असेल, तर पहिली दोन वर्षं संस्थेत काढा. कोर्ट, प्रोबेशन ऑफिसर, आजीचं घर, राहण्याची सोय हे सगळं कॉलेजच्या टेबलामागून कळत नाही. घर एकटीच्या पगारावर चालत असेल तर कॉलेजच बरं, आणि त्यात अपराधी वाटून घेऊ नका.

संस्थेच्या मुलाखतीत पॅनलवर एक-दोन मुलंही बसवतात. माझ्या वेळी एकोणीस वर्षांच्या एका मुलीनं एकच प्रश्न विचारला, “तुम्ही किती दिवस राहणार?” तिचे आधीचे तीन समुपदेशक एकेका वर्षात गेले होते. मी म्हटलं, “ही ग्रँट पुढच्या जूनपर्यंत आहे, तोपर्यंत नक्की.” ती तारीख मी आदल्या दिवशी फोन करून विचारून घेतली होती. कॉलेजातली जागाही अनेकदा ठरावीक निधीवरच असते, तेव्हा तिथंही विचारा.