नागपूरच्या सदरमधलं बंदुकांचं दुकान आणि त्यांच्या जुन्या वह्या

पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे येईलच.

दुकानाचं नाव टाकत नाही, मालकांनीच तशी विनंती केली आहे. सदर भागात बारा बोअरची काडतुसं घेणाऱ्या कोणालाही विचारा, दुकान दाखवेल. मी वनखात्यातून निवृत्त झालो. परवान्यावर एक बारा बोअरची बंदूक पूर्वीपासून आहे. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, म्हणजे माझ्याकडे एकच जागा उरली होती. ती कारखान्यातून नुकत्याच आलेल्या रिव्हॉल्व्हरने भरायची नाही, एवढं मनाशी पक्कं होतं.

दुकानाच्या तिजोरीत धरमपेठच्या एका काकूंनी जमा केलेलं वेब्ली अँड स्कॉट या इंग्रज कंपनीचं जुनं रिव्हॉल्व्हर होतं. ३२ बोअर, मार्क ३, सहा गोळ्यांचं. खटका दाबून नळी खाली मोडली की मधली चांदणी वर येते आणि सगळी रिकामी पुंगळी एकदम बाहेर पडतात. परवानाधारक वारला की शस्त्र तसंच घरात ठेवता येत नाही. पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या दुकानात जमा करावं लागतं. काकूंना स्वतःच्या नावावर परवाना नको होता. मुलगा परदेशात.

मी हातात घेऊन मूठ न्याहाळत होतो, तर मालक म्हणाले, "काय पाहून राहिले साहेब? मूठ नंतर पाहा, आधी आकडे जुळवा." फ्रेमवरचा क्रमांक आणि सिलिंडरवरचा क्रमांक त्यांनी भिंगाखाली दाखवला. दोन्ही एकच. मग मुकुटाखालची अक्षरं दाखवली: बीव्ही, बीपी, एनपी. हे बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे, म्हणजे बंदुका तपासून पास करणाऱ्या संस्थेचे शिक्के. पहिला तपासणीचा, दुसरा काळ्या दारूच्या चाचणीचा, तिसरा नायट्रो म्हणजे बिनधुराच्या दारूच्या चाचणीचा. हा संच १९०४ च्या नियमांनंतरचा, म्हणजे हत्यार त्याआधीचं नाही. विकायला बसलेला माणूस गिऱ्हाइकाला एवढं शिकवत नाही. इथे मला दोन तास शिकवलं, आणि त्या दिवशी मी एक रुपयाही दिला नव्हता.

खरी दौलत आतल्या खोलीत आहे. मालकांच्या आजोबांपासूनच्या आवक-जावकच्या वह्या, लाल कापडी बांधणीच्या, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेल्या. ऐन नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, कूलरसमोर पानं उडू नयेत म्हणून कूलर बंद ठेवून, आम्ही दोघांनी तीन दुपारी त्या चाळल्या. क्रमांक सापडला. काकूंच्या यजमानांनी हे १९७१ साली एका निवृत्त तहसीलदाराकडून घेतलं होतं. तहसीलदारांच्या नोंदीसमोर जुन्या परवान्याचा क्रमांक होता, आणि काकूंच्या कपाटात तो परवानाच निघाला: १९४७ चा, १८७८ च्या शस्त्र कायद्याखालचा, वर मध्यप्रांत व वऱ्हाड सरकार. मागे दरवर्षीच्या नूतनीकरणाचे शिक्के, एकावर एक चढलेले.

त्यामागचा धागा हत्यारावरच होता. वरच्या पट्टीवर बारीक अक्षरांत 'आर्मी अँड नेव्ही सी.एस.एल.' कोरलेलं आहे. ही लंडनची सहकारी संस्था, १८७१ ची, फौजेतल्या लोकांसाठी काढलेली. मुंबईत काळा घोड्याजवळ तिच्या नावाची इमारत आजही उभी आहे. तिच्या बंदूकविक्रीच्या वह्या ग्लासगो विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहेत, हेही मालकांनीच सांगितलं. मी क्रमांक आणि फोटो ई-मेलने पाठवले. काही आठवड्यांनी उत्तर आलं: विक्री १९१२, घेणाऱ्याचं आडनाव, सभासद क्रमांक. ती ओळ मी रात्री किती वेळा वाचली असेल ते सांगता येणार नाही.

आता कापलेला तारा. त्यांच्या कारागिराने मला न विचारता मुठीचा स्क्रू रुंद पेचकसाने काढला आणि त्याची खाच फाटली. शंभर वर्षं शाबूत राहिलेली खाच. वर "पूर्ण पॉलिश मारून निळं करून देऊ का?" हेही विचारलं. जुन्या हत्याराला बफ, म्हणजे पॉलिशचं फिरतं चाक, लावलं की कडा गोल होतात आणि शिक्के पुसट होतात. ज्या अक्षरांवरून हा सगळा माग लागला, तीच गेली असती. मालकांनी माफी मागितली, पण तुम्ही गेलात तर काम सुरू व्हायच्या आधीच बजावून ठेवा.

व्यवहार वेळखाऊ आहे आणि असायलाच हवा. विकण्याआधी लेखी कळवावं लागतं, त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावं लागतं. मग परवान्यावर नोंद. हे दुकान एकही कागद मागेपुढे करत नाही. "शंभर वर्षांचं आहे, परवाना कशाला," असं सांगणारा कोणी भेटला तर तिथून उठा. शस्त्र कायद्याच्या कलम ४५ ची सूट दुरुस्त करूनही चालू न होणाऱ्या हत्यारालाच आहे, आणि हे तर आजही चालतं. भाव मात्र लाखांत जातो. बाहेरून हत्यारं आणणं १९८० च्या दशकात बंद झालं, तेव्हापासून जुन्या विलायती मालाची किंमत चढतीच आहे.

१९१२ ते १९४७ ही पस्तीस वर्षं अजून कोरी आहेत. पावसाळा संपला की नागपूरच्या पुराभिलेखागारात बसणार आहे. मालक म्हणाले, "एक दिवस मलाही सोबत न्या."

ग्लासगोच्या पत्राची प्रत मी काकूंना नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून ते नाव दोनदा वाचलं आणि विचारलं, "याचं घर कुठं होतं हो, इथं की तिकडं?"