बुल टेरियर, लॅब्रेडॉर की देशी कुत्रा? फ्लॅटमधल्या कुटुंबासाठी तुलना

बुल टेरियर घ्यावा का, असं विचारणाऱ्या बहुतेक घरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मुलांना चावणार नाही ना? माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी पाहायला हव्यात. तुमच्या गल्लीत भटकी कुत्री किती आहेत आणि दिवसभर घरात कोण असतं? पुण्या-मुंबईतला दोन-तीन खोल्यांचा फ्लॅट आणि शाळेत जाणारी मुलं असं घर डोळ्यांसमोर ठेवून मी बुल टेरियर, लॅब्रेडॉर आणि आपला देशी कुत्रा, म्हणजे इंडी, या तिघांची तुलना करतो आहे.

बुल टेरियर म्हणजे अंड्यासारखं बाकदार डोकं आणि बारीक तिकोनी डोळे. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या जेम्स हिंक्स यांनी १८६० च्या सुमारास ही जात घडवली. त्याआधीचे बुलडॉग आणि टेरियर यांचे संकर झुंजींसाठी पाळले जायचे. हिंक्स यांना पांढराशुभ्र, प्रदर्शनात उठून दिसणारा रुबाबदार कुत्रा हवा होता. तो पिटबुल नाही, पण लोक दोघांना एकाच मापानं मोजतात. आपल्याकडे गुलटेरशीही गल्लत होते. पंजाबात, सीमेच्या दोन्ही बाजूंना, झुंजींसाठी पोसली गेलेली ही पांढरी जात. ती पायांनी उंच असते आणि डोक्याला अंड्याचा बाक नसतो. कुत्र्यांच्या झुंजी लावणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, तरी झुंजीच्या वंशातली पिल्लं विकली जातात. म्हणून पिल्लू कुठल्या आईबापांचं आहे हे बघणं इथे शोभेसाठी नसतं.

मुलांबरोबर

बुल टेरियर माणसांवर जीव ओवाळून टाकतो. त्याला घरातल्यांच्या अंगाला अंग लावून बसायचं असतं, खेळायचं असतं आणि मोठेपणीही त्याचा पोरकटपणा जात नाही. पंचवीस-तीस किलोचं हे घट्ट स्नायूंचं शरीर अचानक हॉलभर सुसाट धावत सुटतं, तेव्हा दोन-तीन वर्षांचं मूल आडवं होतं. मूल आठ-दहा वर्षांचं असेल तर त्याला इतका उत्साही सोबती क्वचितच मिळेल. लॅब्रेडॉरचं पिल्लूही कमी धसमुसळं नसतं, पण दोन-तीन वर्षांत ते निवतं आणि पाहुण्यांनाही चटकन सामावून घेतं. इंडीचं तसं नाही. घरच्यांना तो घट्ट धरून असतो, मात्र गळ्यात पडणारी अनोळखी मुलं त्याला सहसा आवडत नाहीत. त्याला हवं तेव्हा बाजूला होता आलं पाहिजे. तिघांपैकी कोणालाही लहान मुलाबरोबर एकटं सोडू नये.

गल्लीत

माझ्या दृष्टीनं निवड इथेच ठरते. आपल्या शहरांत कुत्र्याला फिरवणं म्हणजे दर चौकात दुसऱ्या टोळीच्या हद्दीतून जाणं. इंडी ही भाषा जन्मजात जाणतो. मान वळवणं, वास घेत रेंगाळणं, वळसा घालणं यातून बऱ्याचदा तो भांडण टाळतो. बहुतेक लॅब्रेडॉर शेपूट हलवत पुढे जातात किंवा मागे सरतात. बुल टेरियर स्वतःहून भांडण काढेलच असं नाही, पण समोरचा अंगावर आला तर तो माघार घेत नाही. एकदा जुंपली की त्याला सोडवणं फार कठीण, आणि त्याच्या जबड्याची ताकद मोठी आहे. अशा वेळी जखमी होणारा भटका कुत्राही कोणीतरी रोज पोळी घालून वाढवलेला असतो. त्याची जबाबदारी तुमच्यावर येते.

म्हणून फिरवणारी व्यक्ती ताकदीची आणि जागरूक हवी. हे काम आजी-आजोबांवर किंवा दहावीतल्या मुलावर टाकता येणार नाही. मजबूत हार्नेस, न ताणणारा पट्टा, टोळी दिसली की रस्ता बदलायची सवय, हे रोजचंच. पिल्लू तीन-चार महिन्यांचं होईपर्यंत त्याला शांत, लसीकरण झालेली कुत्री, रिक्षा, फटाके, कुकरची शिट्टी असं सगळं सावकाश दाखवावं. लसी पूर्ण होईपर्यंत कडेवर घेऊन फिरवलं तरी चालतं. घरात आधीच मांजर किंवा दुसरा नर कुत्रा असेल, तर बुल टेरियरचा विचार सोडून द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

घरातले तास

नवरा-बायको दोघंही नऊ ते सात बाहेर आणि मुलं शाळा-क्लासला, अशा घरात बुल टेरियर दुःखी होतो. हे दुःख सोफ्यात आणि दारांच्या चौकटीत दिसतं. मोजे, खेळण्यांचे तुकडे, रबर तो गिळून टाकतो आणि आतडं अडून शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. या जातीत आणखी एक त्रास आढळतो: स्वतःच्या शेपटीमागे तासन्‌तास गरगर फिरत राहणं. हे नरांमध्ये जास्त दिसतं. घरचे हसतात, व्हिडिओ काढतात. हाक मारूनही तो थांबत नसेल तर हा आजार समजावा आणि लगेच डॉक्टरांना दाखवावं. लॅब्रेडॉरलाही एकटेपणा सोसत नाही. इंडी त्यातल्या त्यात सावरून घेतो, पण दहा तास कोंडून ठेवणं त्यालाही चांगलं नाही.

शिकवायला सर्वांत सोपा लॅब्रेडॉर, खाऊच्या एका तुकड्यासाठी तो काहीही करेल. इंडी पटकन शिकतो आणि पटलं तर करतो. बुल टेरियर हट्टी. ओरडून तो आणखी अडतो, पाच-पाच मिनिटांचे खेळकर धडे मात्र त्याला चालतात.

हवा आणि आजार

पांढऱ्या बुल टेरियरमध्ये साधारण पाचातल्या एकाला एका किंवा दोन्ही कानांनी जन्मतः ऐकू येत नाही. रंगीत बुल टेरियरमध्ये हे प्रमाण फारच कमी आहे. त्याशिवाय मूत्रपिंडाचे आनुवंशिक आजार, हृदयाच्या झडपेचे दोष आणि त्वचेची ॲलर्जी. पावसाळ्यातल्या ओलीत ही ॲलर्जी चिघळते. विरळ केसांखालची गुलाबी कातडी उन्हात भाजते, म्हणून त्याला फिरवायचं ते उजाडताना आणि अंधार पडल्यावर.

लॅब्रेडॉरचा दुहेरी कोट थंड देशातला. मे महिन्यात तो धापा टाकतो आणि घरभर केस गळतात. खुब्याच्या सांध्याचा दोष आणि लठ्ठपणा ही त्याची दोन मोठी दुखणी. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की सुमारे एक चतुर्थांश लॅब्रेडॉरमध्ये भुकेशी निगडित जनुकाचा काही भागच नसतो. त्यामुळे त्याच्या केविलवाण्या नजरेला भुलायचं नाही, ताटली मोजूनच भरायची. इंडीला आपली हवा मानवते आणि आनुवंशिक दुखणी कमी. गोचीडताप मात्र तिघांनाही गाठतो.

कायदा

१२ मार्च २०२४ च्या पत्रात केंद्रानं २३ जातींवर बंदी सुचवली. त्या यादीत पिटबुलबरोबर नुसता ‘टेरियर’ हाही शब्द होता. एप्रिलमध्ये कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते पत्र रद्द ठरवलं. तरी सोसायटीतली भीती कोर्टाच्या निकालानं जात नाही. पालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लसीची नोंद हाताशी ठेवा. नोकरीसाठी जर्मनीला जाण्याचा विचार असेल तर हेही लक्षात घ्या: तिथल्या कायद्यानं बुल टेरियर देशात आणायला बंदी आहे. लॅब्रेडॉर आणि इंडीवर अशी जातीची बंदी नाही.

पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्या, दिवसभर बाहेर असणाऱ्या घराला मी दोन-तीन वर्षांचा, स्वभाव कळलेला, दत्तक घेतलेला इंडी सुचवेन. आल्यागेल्यांचं आणि लहान मुलांचं घर असेल तर लॅब्रेडॉर. बुल टेरियर त्या घरानं घ्यावा, जिथे एक धडधाकट मोठा माणूस बहुतेक वेळ घरी असतो, आधी कुत्रा पाळलेला आहे आणि बंगल्याला उंच कुंपण किंवा सोसायटीला भटक्या कुत्र्यांपासून मोकळं आवार आहे.

असं घर तुमचं असेल तर नोंदणीकृत ब्रीडरकडेच जा. २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. पिल्लू भावंडांपासून वेगळं करून मागून आवाज करून बघा, कारण घोळक्यात बहिरं पिल्लूही इतरांचं बघून वळतं. एका कानाचा बहिरेपणा मात्र बेअर चाचणीतच (आवाजाला मेंदू प्रतिसाद देतो का, हे यंत्रानं तपासणारी चाचणी) कळतो. पिल्लाच्या आईला मोकळं सोडून ती अनोळखी माणसाजवळ कशी वागते ते पाहा. आई दाखवायला ब्रीडर टाळाटाळ करत असेल, तर पिल्लू कितीही गोड असलं तरी न घेता परत या.