मँटू की आयग्रा?

घरात कोणाला फुफ्फुसाचा क्षय निघाला की बाकीच्यांच्या अंगात क्षयाचे जंतू शिरलेत का, हे पाहायला मँटू ही त्वचेची चाचणी करायची की आयग्रा ही रक्ताची, असा पेच पडतो.

मँटू स्वस्त, पण दोन फेऱ्यांची. हाताच्या आतल्या बाजूला, त्वचेतच 0.1 मिली ट्युबरक्युलिन (क्षयजंतूंपासून काढलेले प्रथिन) टोचतात. 6 ते 10 मिमीचा फुगवटा उठला नाही, तर सुई खोल गेली, पुन्हा टोचावे. वाचन 48 ते 72 तासांनी. खरा घोळ इथेच होतो: लाली मोजली जाते. मोजायचा तो कडकपणा, बोटांनी चाचपून, हाताच्या लांबीला आडवा. बीसीजी या क्षयाच्या लशीमुळेही तो येऊ शकतो.

आयग्राला बीसीजी आड येत नाही, फेरीही एकच. मात्र ती महाग, आणि नळ्या नीट हलवल्या नाहीत किंवा 37 अंशांवर ठेवायला उशीर झाला, तर निकाल बिघडतो.

क्षय सुप्त (जंतू अंगात नुसते दडलेले) की सक्रिय (आजार झालेला), हे दोन्ही चाचण्या सांगत नाहीत. औषधाआधी लक्षणे आणि एक्स-रे पाहावाच; सक्रिय क्षयावर सुप्त क्षयाला देतात ते आयसोनियाझिड हे औषध एकटेच दिले, तर जंतू त्याला दाद देईनासे होतात.

बीसीजी घेतलेल्या किंवा परत येण्याची खात्री नसलेल्या प्रौढाला आयग्रा. प्रयोगशाळा दूर असेल तर मँटू. घरातले पाच वर्षांखालचे मूल किंवा एचआयव्हीबाधित असेल, तर सक्रिय क्षय नसल्याची खात्री झाल्यावर चाचणीसाठी प्रतिबंधक उपचार अडवू नयेत.