हँडशेकचा क्रम आधी बघा: अलार्म रिसीव्हरची कॉल प्रोफाइलं, आठ महिन्यांच्या वापरानंतर

ग्राहकांच्या अलार्म पॅनेलचे फोन उचलून त्यांचे सिग्नल घेणारा नवा रिसीव्हर आमच्या मॉनिटरिंग केंद्रात बसवून आठ महिने झाले. यंत्र चांगलं आहे, हे आधीच सांगतो. एकदाही अडकलं नाही, मॉनिटरिंग सॉफ्टवेअरशी जोडणी तुटली नाही. पण सगळं कसब कॉल प्रोफाइलमध्ये आहे. तिथे चूक झाली तर चोरीचा किंवा आगीचा सिग्नल लाइनपर्यंत येऊनही ऑपरेटरच्या स्क्रीनवर उमटत नाही. आमच्याकडे तसं झालं, म्हणून सविस्तर लिहितोय.

कॉल कितव्या रिंगला उचलायचा, कोणता हँडशेक (पॅनेलला ‘आता पाठव’ असं सांगणारा टोन) आधी वाजवायचा, पुढचा वाजवण्याआधी किती थांबायचं, सिग्नल मिळाल्यावर लाइन सोडायची की आवाज ऐकण्यासाठी धरून ठेवायची, हे सगळं प्रोफाइल ठरवतं. मला उशिरा कळलेली गोष्ट अशी की, प्रोफाइल निवडताना कोणाचं पॅनेल बोलतंय हे रिसीव्हरला माहीतच नसतं. पॅनेलची ओळख सांगणारा अकाउंट नंबर हँडशेकनंतर येतो. त्यामुळे कॉल कोणत्या लाइनवर आला, कोणता नंबर फिरवून आला किंवा कोणत्या नंबरवरून आला, एवढ्यावरच निवड करता येते.

सुरुवातीला सगळ्या लाइनींवर एकच डिफॉल्ट प्रोफाइल होतं. सहा हँडशेक, प्रत्येकानंतर चार सेकंद थांबा, आणि कॉन्टॅक्ट आयडी (आमची बहुतेक पॅनेल ज्या पद्धतीने सिग्नल पाठवतात तिचा हँडशेक) सहावा. म्हणजे आमच्या बहुतेक पॅनेलना आपला टोन ऐकू यायला वीस सेकंदांहून जास्त लागायचे. काही पॅनेल तेवढं थांबत, काही फोन ठेवून पुन्हा डायल करत. मी कॉन्टॅक्ट आयडी पहिला घेतला आणि चित्रच पालटलं. १६ आकडे दोन सेकंदांत येतात, किसऑफ, म्हणजे ‘मिळालं’ असं सांगणारा टोन, जातो, लाइन मोकळी.

तिसऱ्या रात्री मात्र एक जुनं पल्स पॅनेल, म्हणजे टकटक करत आकडे पाठवणारं, गप्प झालं. लॉगमध्ये त्याच नंबरवरून कॉलमागून कॉल, पण डेटा शून्य. हेडफोन लावून लाइन ऐकली. रिसीव्हरचा १४०० हर्ट्झचा आखूड टोन वाजला, लगेच पॅनेलची टकटक सुरू झाली आणि तिच्यावरच रिसीव्हरचा २३०० चा टोन आदळला. कॉन्टॅक्ट आयडीचा हँडशेक असाच असतो: ०.१ सेकंद १४००, तेवढीच शांतता, मग ०.१ सेकंद २३००. हे पॅनेल १४०० ची वाट बघत होतं. पहिला अर्धा भाग ऐकून त्याने बोलायला सुरुवात केली, तेव्हा रिसीव्हर ऐकतच नव्हता. त्या घरात खरंच कोणी शिरलं असतं तर, या विचाराने त्या रात्री मी जागेवरून हललो नाही.

उपाय सरळ होता. जुन्या पल्स पॅनेलसाठी वेगळं प्रोफाइल केलं, त्यात १४०० पहिला, आणि कॉल करणाऱ्याच्या नंबरावरून ते निवडायला लावलं. तरीही ते लागेना. कारण मी पहिल्याच रिंगला उचलायला सांगितलं होतं, आणि आमच्या लाइनवर कॉलरचा नंबर पहिल्या-दुसऱ्या रिंगच्या मधे येतो. दोन रिंग केल्या आणि काम झालं.

एक दुखणं प्रोफाइलने बरं होत नाही. इंटरनेट टेलिफोनीवर गेलेल्या एका अकाउंटचे सिग्नल वारंवार नाकारले जात होते. यायला हवं होतं ४७२१ १८ ११३० ०१ ००५ १. शून्याला दहा धरून बेरीज ७५, पंधराने नि:शेष भाग जातो, म्हणजे संदेश बरोबर. प्रत्यक्षात १५ च आकडे येत होते. ११३० मधले दोन एक मधलं अंतर हरवून एकमेकांना चिकटत होते. मी दोन दिवस प्रोफाइलमधली आवाजाची पातळी वरखाली करत बसलो, ते दिवस वाया गेले. तिकडच्या गेटवेवर जी.७११ कोडेक (आवाज फारसा न दाबता पाठवणारी पद्धत) लावून टोन आवाजातच जाऊ दिल्यावर सगळं सुरळीत झालं.

तक्रारी दोनच. प्रोफाइल सेव्ह केलं की त्या लाइनींचं लाइन कार्ड (रिसीव्हरमधला, फोनलाइन जोडलेला भाग) रीसेट होतं, चालू कॉलसकट. ही सूचना स्क्रीनवर ठळक यायलाच हवी होती. आता मी बदल करण्याआधी ते कार्ड रिकामं असल्याची खात्री करतो आणि कॉल दुसऱ्या कार्डावर वळवतो. दुसरी, कोणी कधी काय बदललं याची नोंद यंत्र ठेवत नाही, ती आम्ही शिफ्टच्या वहीत ठेवतो. लिसन-इनबद्दल, म्हणजे त्या जागेचा आवाज ऐकण्याच्या सोयीबद्दल, मात्र समाधान आहे. पुढे आवाज येणार असं सांगणारा ६०६ कोड आला की किसऑफनंतर लाइन धरून ठेवली जाते आणि ऑपरेटरला आवाज स्वच्छ मिळतो.

बदल केल्यावर दोन-चार चाचणी कॉल आले म्हणून मी काम संपलं असं धरत नाही. आमच्याकडे प्रत्येक पॅनेल दिवसातून एकदा ६०२, म्हणजे नियमित चाचणीचा सिग्नल पाठवतं. पुढचे २४ तास ज्या अकाउंटकडून तो आला नाही त्यांची यादी काढतो आणि एकेकाला फोन करतो. गेल्या बदलानंतर यादीत तीन नावं होती. दोन ठिकाणी फोनची लाइनच बंद होती, तिसरं पॅनेल २३०० ची वाट बघत होतं.