आरव्हीत दोघंच: खासगी पार्क, सरकारी कॅम्पग्राउंड की मोकळं वाळवंट?

अमेरिकेत आयुष्य काढलेली मराठी जोडपी निवृत्तीला आली, मुलं आपापल्या मार्गाला लागली, की घर भाड्याने देऊन वर्षभर आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहायचा विचार बऱ्याच घरांत सुरू होतो. चर्चा मात्र गाडीपाशीच अडकते. मोटरहोम (स्वतः चालणारं) की ट्रेलर (गाडीमागे ओढायचा), किती फुटांचा, नवा की वापरलेला. आम्ही दोघं या मार्गाने गेलो आहोत, आणि माझं ठाम मत आहे की गाडीचा प्रश्न नंतरचा. आधी ठरवायचं ते रात्री गाडी कुठे उभी करायची. पाणी किती वापरता येईल, कुकर आणि एसी एकदम चालेल का, शेजारी कोण असेल, दोघांपैकी कुणाचा जीव कोंडेल, हे सगळं गाडीपेक्षा जागेवर ठरतं. गाडीची लांबीसुद्धा जागा ठरवल्यावरच निवडावी.

जागा ढोबळमानाने तीन प्रकारच्या. पहिला प्रकार खासगी आरव्ही पार्कांचा: पैसे भरा आणि वीज, पाणी, सांडपाण्याची जोडणी असं फुल हुकअप घ्या. 1962 साली मोंटानातल्या बिलिंग्जला सुरू झालेली केओए ही त्यातली सगळ्यांना माहीत असलेली साखळी, पण दीर्घ मुक्कामाची बरीचशी पार्कं स्थानिक मालकांची असतात. दुसरा प्रकार सरकारी कॅम्पग्राउंडचा. त्यात नॅशनल पार्क, स्टेट पार्क आणि लष्कराच्या कोअर ऑफ इंजिनिअर्सने धरणांच्या काठी केलेल्या जागा येतात. तिसरा प्रकार म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांतली बीएलएमची, म्हणजे ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय खात्याची मोकळी जमीन, शीर्षकातलं वाळवंट ते हेच. तिथे नळ नाही, विजेचा खांब नाही, आणि बहुतेक ठिकाणी भाडंही नाही.

पाणी आणि सांडपाणी

सुरुवात इथून करते, कारण आपल्या स्वयंपाकाशी याचा थेट संबंध आहे आणि विकत घेताना याबद्दल कुणीच नीट बोलत नाही.

आरव्हीला साधारण तीन टाक्या असतात. एक ताज्या पाण्याची, एक ग्रे टँक म्हणजे सिंक आणि शॉवरच्या पाण्याची, आणि एक ब्लॅक टँक म्हणजे संडासाची. मध्यम ट्रेलरमध्ये ग्रे टँक 30-40 गॅलनची असते. भारतीय स्वयंपाक रोज होणाऱ्या घरात ती ब्लॅक टँकच्या कितीतरी आधी भरते. डाळ-तांदूळ धुणं, भाज्या धुणं, कणकेची परात, तेलकट कढई, चहाची पातेली. फुल हुकअपवर ग्रेचा व्हॉल्व्ह उघडा ठेवला की पाणी सरळ ड्रेनमध्ये जातं आणि विषय संपतो. सरकारी जागांवर, जिथे फक्त वीज किंवा तीही नसते, तिथे दोघांनी जपून वापरलं तर चार-पाच दिवस निघतात. मग गाडी हलवून डंप स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागी, जायचं. वाळवंटात हाच हिशेब आणखी कडक होतो. कढई आधी कागदाने पुसायची, भाज्या धुतलेलं पाणी बादलीत धरून फ्लशला वापरायचं. आम्ही हे केलं आहे आणि जमतं. पण दोघांपैकी एकालाही भांडी घासताना सतत नळाकडे लक्ष ठेवायचा जाच वाटत असेल, तर तिसरा पर्याय मनातून काढून टाका.

ब्लॅक टँक रिकामी करणं हे काम ऐकून अनेक जण तोंड वाकडं करतात. प्रत्यक्षात रबरी हातमोजे घालून करायचं दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, पण क्रम चुकवायचा नाही. होज ड्रेनच्या तोंडाशी घट्ट बसवायचा, आधी ब्लॅक सोडायची, ती बंद करून मग ग्रे सोडायची, म्हणजे साबणाच्या पाण्याने होज आतून धुतला जातो. फुल हुकअप आहे म्हणून ब्लॅकचा व्हॉल्व्ह कायम उघडा मात्र ठेवू नये. पाणी वाहून जातं, मैला तळाशी बसून वाळतो आणि टाकी तुंबते. टाकी दोन-तृतीयांश तरी भरू द्यायची आणि मग एकदम सोडायची. पिण्याच्या पाण्याचा होज वेगळा, तोही शक्यतो दुसऱ्या कप्प्यात. आणि हे काम कुणाचं, ते निघण्याआधी बोलून घ्या. एकाच्याच गळ्यात ते कायमचं पडलं, तर महिन्याभरात कुरबुर सुरू होते.

वीज

खासगी पार्कात 30 किंवा 50 अँपिअरचा खांब मिळतो. 30 अँपिअर म्हणजे 120 व्होल्टवर 3,600 वॉट. एक एसी चालू असताना साधारण 13 अँपिअर घेतो, विजेवरचा वॉटर हीटर 12 आणि इन्स्टंट पॉट 8-9. बेरीज तिसाच्या वर गेली की ब्रेकर पडतो. पाणी गॅसवर तापवायचं ठेवलं की गणित बसतं. 50 अँपिअरचा खांब नावावरून दिसतो त्यापेक्षा बराच मोठा, कारण त्यात दोन तारांवर मिळून 12,000 वॉट येतात. मोठा फिफ्थ व्हील (पिकअप ट्रकच्या पाठीवर जोडायचा ट्रेलर) आणि दोन एसी असतील तर तोच हवा. खांब कोणताही असो, सर्ज प्रोटेक्टर लावल्याशिवाय प्लग घालू नका.

वाळवंटात सगळी भिस्त सोलर आणि बॅटरीवर. लॅपटॉप, दिवे, पंखा, स्टारलिंकचं उपग्रह इंटरनेट हे आरामात चालतं. एसी चालवायचा तर जनरेटर लागतो. म्हणून मंडळी तिथे हिवाळ्यातच जातात, आणि तेच शहाणपणाचं आहे.

एकाच दरीकाठचं उदाहरण

पहिल्या दोन पर्यायांत प्रत्यक्ष फरक काय, ते ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर एका फेरीत कळतं. तिथे मॅथर कॅम्पग्राउंड आणि ट्रेलर व्हिलेज जवळजवळ आहेत. मॅथरमध्ये झाडी आहे, सावली आहे, जागा ऐसपैस आहेत. पण एकही हुकअप नाही आणि गाडीची कमाल लांबी 30 फूट. ट्रेलर व्हिलेजमध्ये फुल हुकअप आहे, 50 फुटांपर्यंतची गाडी सरळ आत घालता येते, आणि शेजाऱ्याच्या खिडकीतला टीव्ही तुम्हाला दिसतो. दरी दोन्हीकडून तीच. रात्री आठ वाजता गरम पाण्याने आंघोळ हवी की पाइनच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसायला हवं, एवढाच निर्णय आहे, आणि यावर नवरा-बायकोचं उत्तर सारखं असेलच असं नाही.

यलोस्टोनमध्ये फुल हुकअपची जागा एकच, फिशिंग ब्रिज. अस्वलांचा मुलूख असल्याने तिथे कडक भिंतींच्याच गाड्या चालतात, कापडी पॉप-अप नाही. गाडीत वास कोंडू नये म्हणून बाहेरच्या टेबलावर इंडक्शन मांडून फोडणी घालायची सवय आपल्यापैकी बऱ्याच जणींना लागते. अशा ठिकाणी खाण्याची एकही वस्तू बाहेर विसरून चालत नाही.

लांबीचा मुद्दा पुन्हा सांगते. ग्लेशिअर नॅशनल पार्कच्या गोइंग-टू-द-सन रोडच्या डोंगरी टप्प्यावर 21 फुटांपेक्षा लांब गाडीला बंदी आहे. नॅशनल पार्कं हाच तुमचा मुख्य ओढा असेल तर 38 फुटांचं घर घेऊ नका. 25-28 फुटांत दोघं राहू शकतात, त्या एका रस्त्यापुरती मात्र तीही लांबच. ॲरिझोनातल्या मेसासारख्या शहरात चार महिने एकाच जागी बसणार असाल तर मोठंच घ्या, स्लाइड-आउटसकट, म्हणजे बाहेर सरकवायच्या भिंतीसकट.

पैसे आणि आरक्षण

खासगी पार्कात एका रात्रीचे 50 ते 80 डॉलर सहज जातात, नावाजलेल्या जागी त्याहून जास्त. या दराने वर्ष काढलं तर घराच्या हप्त्याइतकाच खर्च होतो. खरी बचत महिन्याच्या दरात आहे. तो रोजच्या दराच्या निम्म्यावर, कधी त्याहूनही खाली येतो. वीज मात्र मीटरप्रमाणे वेगळी, आणि ॲरिझोनात एप्रिलनंतर ते बिल जाणवतं. हुकअप नसलेली नॅशनल पार्कातली जागा बहुतेक 20 ते 35 डॉलरच्या आसपास मिळते. वय 62 झालेल्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना 80 डॉलरमध्ये आयुष्यभराचा सीनियर पास काढता येतो. नॅशनल पार्कांत प्रवेश फुकट, आणि अनेक केंद्र सरकारी कॅम्पग्राउंडवर भाडं निम्मं. कोअर ऑफ इंजिनिअर्सच्या तलावाकाठच्या जागा मला या सगळ्यांत सर्वात किफायतशीर वाटतात. बऱ्याच ठिकाणी वीज असते, पाणी जवळ असतं, समोर तलाव, आणि पासवर निम्मा दर. नॅशनल पार्कांच्या गोंगाटात या जागांकडे आपल्या लोकांचं लक्षच जात नाही.

सरकारी जागांची अडचण पैशाची नाही, आरक्षणाची आहे. चांगल्या जागा सहा-सहा महिने आधी उघडतात आणि सकाळीच संपतात. फ्लोरिडाच्या स्टेट पार्कांत तर राज्याच्या रहिवाशांना 11 महिने आधी बुकिंग मिळतं आणि बाहेरच्यांना 10 महिने. शिवाय मुक्कामाला मर्यादा असते, सहसा दोन आठवड्यांची. म्हणजे ज्या स्वातंत्र्यासाठी निघालो, ते कॅलेंडरवर आधीच विकून टाकायचं.

बीएलएमच्या जमिनीवर आरक्षण नाही. साधारण नियम 28 दिवसांत 14 दिवसांचा, मग जागा सोडून बऱ्यापैकी लांब जायचं. अपवाद म्हणजे दीर्घ मुक्कामाच्या काही ठरावीक जागा, उदाहरणार्थ ॲरिझोनातल्या क्वार्टझसाइटजवळची ला पोसा. 15 सप्टेंबर ते 15 एप्रिलच्या पूर्ण हंगामासाठी तिचा परवाना कित्येक वर्षं 180 डॉलरचा होता. तिथे पाणी भरायची आणि टाकी रिकामी करायची सोयही आहे. जानेवारीत आरव्ही प्रदर्शनासाठी त्या छोट्या गावात अफाट गर्दी लोटते. भारतीय किराणा आणि मोठं हॉस्पिटल मात्र फिनिक्सकडे, दोन तासांच्या अंतरावर.

दोघांचं काय

30 फुटांच्या ट्रेलरमध्ये सारं मिळून अडीचशे चौरस फुटांच्या आत जागा असते. रुसून बसायला दुसरी खोली नाही. म्हणून बाहेर पडलं की काय आहे, याला फार महत्त्व आहे. मेसा, अपाची जंक्शन या भागातली 55 वर्षांवरच्यांची पार्कं म्हणजे छोटी गावंच. पोहण्याचा तलाव, शफलबोर्ड, पत्ते, सुतारकामाची कार्यशाळा, पॉटलक. शेजारी मिनेसोटाचे, आयोवाचे, कॅनडाचे निवृत्त लोक, गप्पिष्ट आणि मदतीला तत्पर. आपले चेहरे तिथे कमी दिसतात, पण फिनिक्स परिसरात मराठी मंडळी भरपूर आहेत, गणपतीपासून संक्रांतीपर्यंत काही ना काही चालू असतं. ज्याला माणसं लागतात त्याचं इथे उत्तम जमतं. सरकारी कॅम्पग्राउंडवर शेजारी दोन-तीन दिवसांत बदलतात. ओळख होते, मैत्री व्हायला वेळ मिळत नाही. वाळवंटात तर दिवसेंदिवस तुम्ही दोघंच. काही जोडप्यांना ते फार मानवतं, आम्हालाही थोडे दिवस मानवतं. पण एकाने दुसऱ्याच्या हौसेखातर तिथे राहणं मला पटत नाही. एकाला शांतता मिळते आणि दुसऱ्याला एकटेपणा.

जागेत गाडी मागे घेणं हा दुसरा कसोटीचा क्षण. डावीकडे, उजवीकडे असं ओरडायचं नाही. मागे उभं राहणाऱ्याचा डावा हात आणि आरशात बघणाऱ्याचा डावा हात यांत गोंधळ होतो. "ड्रायव्हरच्या बाजूला", "पॅसेंजरच्या बाजूला" एवढंच म्हणायचं, तेही फोन कानाला लावून हळू आवाजात. खासगी पार्कात पुल-थ्रू, म्हणजे एका बाजूने शिरून दुसरीकडून निघायची, जागा मागितली तर मागे घेणंच वाचतं. थोडे डॉलर जास्त पडतात, ते द्यावेत.

कागदपत्रं

इथे आपल्या लोकांचा प्रश्न इतरांपेक्षा वेगळा आहे. नागरिक असाल तर टेक्सास, फ्लोरिडा, साउथ डकोटा यांपैकी एखादं राज्य कागदोपत्री मुक्कामाचं ठरवता येतं. तिघांतही राज्याचा व्यक्तिगत आयकर नाही. टपाल पुढे पाठवणाऱ्या सेवा तिथे रुळलेल्या आहेत. एस्केपीज हा 1978 पासूनचा आरव्ही क्लब टेक्सासच्या लिव्हिंगस्टनमधून हेच काम करतो. पण ग्रीन कार्ड किंवा व्हिसावर असाल, तर राहण्याचा पत्ता बदलल्यापासून 10 दिवसांत यूएससीआयएसला, म्हणजे इमिग्रेशन खात्याला, कळवणं बंधनकारक आहे. टपालपेटीचा पत्ता म्हणजे राहण्याचा पत्ता नव्हे. दर दोन आठवड्यांनी जागा बदलणाऱ्याने घर सोडण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी बोलावं. महिन्या-महिन्याने खासगी पार्कात राहणाऱ्याला हे पाळणं पुष्कळ सोपं जातं.

आरोग्यविम्याचंही तसंच. मूळ मेडिकेअर, म्हणजे 65 नंतरचा सरकारी आरोग्यविमा, देशभर चालतं. खासगी कंपन्यांमार्फतचं मेडिकेअर ॲडव्हांटेज आणि 65 च्या आधीच्या मार्केटप्लेस योजना बहुधा ठरावीक भागातल्या डॉक्टरांपुरत्या असतात. दोघांपैकी एकालाही दर तीन महिन्यांनी डॉक्टर लागत असेल, तर त्या शहराजवळचं पार्क हाच तळ धरा.

मी कुणाला काय सांगेन

पहिल्या वर्षासाठी मी जवळजवळ प्रत्येक जोडप्याला महिन्याच्या भाड्याचं खासगी पार्क सुचवते. गाडीची सवय होते, काय बिघडतं ते कळतं, दुरुस्तीवाला जवळ असतो. तिथून दोन-दोन आठवडे तलावाकाठच्या किंवा स्टेट पार्कच्या जागांवर जाऊन यायचं. वाळवंट तिसऱ्या टप्प्यावर, आणि दोघांनीही आपणहून हो म्हटलं तरच. याला अपवाद एकच: पाठीवर सॅक टाकून आयुष्यभर डोंगर फिरलेली जोडपी. त्यांनी छोटी गाडी घ्यावी आणि थेट सरकारी जागांवर सुरुवात करावी. पार्कातला शफलबोर्ड त्यांना आठवड्यात कंटाळवाणा होईल.

हिवाळ्यासाठी ॲरिझोनात किंवा टेक्सासच्या रिओ ग्रांदे खोऱ्यात जागा हवी असेल तर उन्हाळ्यातच फोन करा. वीज मीटरवर आहे की भाड्यात, ते विचारा. दहा वर्षांहून जुनी गाडी चालते का, तेही विचारा. अनेक पार्कं जुनी गाडी घेत नाहीत, आणि वापरलेली गाडी बघत असाल तर ती विकत घेण्याआधी हे कळायला हवं. शिवाय 55 वरच्या पार्कात नातवंडं किती रात्री राहू शकतात, हे लेखी घ्या. ख्रिसमसच्या सुट्टीत मुलं येणार असतील तर याच एका अटीवरून पार्क बदलावं लागू शकतं.