भोवऱ्यावरचा टाको की रश्श्यातला? भुताच्या गेमसोबत कुठला घ्यावा

महिन्याभरापूर्वी लॉस एंजेलिसला राहायला आलेल्या माझ्या मावसभावानं परवा विचारलं, "दादा, तू सांगतोस तो टाको, मांस घातलेली मक्याची पोळी, खायचाय आणि मग भुताचा गेम लावायचाय. पण कुठला टाको आणि कुठला गेम?" माझ्याकडे अशा दोन जोड्या आहेत. एक रात्रीची, एकट्यानं जगायची. दुसरी सकाळची, चौघांची.

रात्रीची जोडी म्हणजे अल पास्तोर टाको, अननसासोबतच्या डुकराच्या मांसाचा, आणि 'ग्रिम फँडँगो' हा गेम. शहराच्या पूर्वेकडे दिवसा टायरचं दुकान चालतं, त्याच्याच आवारात अंधार पडला की गाडा लागतो. पाटी नाही. एक उघडा बल्ब आणि भाजलेल्या मांसाचा वास, एवढीच खूण. उभ्या सळईवर डुकराच्या मांसाचे मसाला लावलेले काप एकावर एक रचलेले असतात. त्याला 'त्रोंपो' म्हणतात, म्हणजे भोवरा, आणि आकारही तसाच, वर रुंद, खाली निमुळता. लेबननहून मेक्सिकोत गेलेल्यांनी शावर्मा नेला. तिथे मेंढीच्या जागी डुक्कर आलं, गुआहियो मिरची आणि अचिओतेच्या बियांचा लाल रंग चढला, माथ्यावर अननस बसला. कापणारा मांस तासतो आणि हातातल्या तळहाताएवढ्या मक्याच्या पोळीवर झेलतो. मग सुरीच्या टोकानं अननसाला एक टिचकी, की तुकडा हवेतून येऊन बरोबर त्याच पोळीत पडतो. "कोन तोदो?", म्हणजे सगळं घालून, असं विचारलं की "सी" म्हणायचं, कांदा-कोथिंबीर दोन्ही मिळतात. लिंबू पिळा आणि तिथेच, जरा पुढे वाकून, उभ्यानं खा. डब्यात घालून घरी नेऊ नका. पोळी वाटेतच भिजून फाटते.

मग घरी येऊन हात धुवायचे आणि दिवे मालवून गेम लावायचा. 'ग्रिम फँडँगो' लुकासआर्ट्स कंपनीचा, टिम शेफर यांनी रचलेला, 1998 सालचा. 2015 मध्ये तो नव्यानं सजवून आला, त्यामुळे आजच्या मशीनवर चालतो. नायक मॅनी कालावेरा हा सांगाडा. मेलेल्यांच्या प्रदेशात तो प्रवासाचा एजंट आहे. पुण्यवान आत्म्याला नऊ नंबरच्या आगगाडीचं तिकीट मिळतं आणि तो चार मिनिटांत पलीकडे पोचतो. बाकीच्यांच्या वाट्याला चार वर्षांची पायपीट. गोष्टही चार वर्षं चालते, आणि दर वर्षीचा भाग 'मृतांचा दिवस' या मेक्सिकन सणाला घडतो. दचकायला लावणारं यात फारसं काही नाही, तुम्ही मरतही नाही. पण इथे मेलेल्याला पुन्हा संपवलं की त्याच्या हाडांतून फुलं उगवतात. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मेक्सिकोत मृतांच्या दिवसाला पितरांसाठी झेंडू मांडतात. आपण दसऱ्याला दाराला बांधतो तो झेंडूही मूळचा तिकडचाच. कोडी मात्र अवघड आहेत. वीस मिनिटं अडलात तर उत्तर शोधून पुढे जा, त्यात कमीपणा नाही.

सकाळची जोडी बिर्रिया, म्हणजे मसालेदार रश्श्यात शिजवलेलं मांस, आणि 'फॅस्मोफोबिया' हा गेम. बिर्रिया मूळची मेक्सिकोतल्या हालिस्को राज्याची, बोकडाची. लॉस एंजेलिसला ती बहुतेक ठिकाणी गोमांसाची मिळते, म्हणून चालत नसेल तर आधी विचारा: 'रेस' म्हणजे गाय-बैल, 'चिवो' म्हणजे बोकड. शनिवार-रविवारी सकाळी पातेलं लागतं आणि संपलं की संपलं. लाल तर्रीत बुडवून, चीज घालून तव्यावर कुरकुरीत केलेला टाको आणि सोबत पेल्यात गरम रस्सा. हा मात्र घरापर्यंत नीट येतो. बोटं लाल होतात, तेव्हा कंट्रोलरला हात लावण्याआधी साबण.

'फॅस्मोफोबिया' 2020 मध्ये आला. चौघांनी एका घरात शिरायचं, थर्मामीटर, भुताशी बोलायचा स्पिरिट बॉक्स वगैरे साधनं घेऊन भुताचा प्रकार ओळखायचा. भूत मागे लागलं की चिडीचूप, कारण माइकमधून गेलेला आवाज ते ऐकतं. आमचे उरलेले तिघे पुण्यात असतात. उन्हाळ्यात इथले सकाळचे साडेनऊ म्हणजे तिथे रात्रीचे दहा. नोव्हेंबरात इथली घड्याळं मागे गेली की अकरा. माझ्या खिडकीत ऊन आणि त्यांच्याकडे मिट्ट काळोख. एकदा भूत फिरत असताना एकाच्या आईनं दार उघडून विचारलं, "दूध झाकलंस का रे?" माइक चालू होता. गेममध्ये तो लपला होता त्या कपाटाशी भूत थेट आलं. चौघंही ओरडलो, त्या काकूसुद्धा.

भीती हवी असेल तर दुसरी जोडी, यात दुमत नाही. डुक्कर आणि गोमांस दोन्ही न खाणाऱ्यांसाठीही 'चिवो'मुळे तीच. शाकाहारी असाल तर भोपळ्याच्या फुलांची केसादिया, म्हणजे चीज भरलेली पोळी, विचारा, पण राजमा घेताना चरबी, म्हणजे 'मांतेका', नाही ना याची खात्री करा.

तरी मावसभावाला मी पहिलीच जोडी सांगितली. तो सगळं खातो. आणि पुण्यातल्या पोरांशी तो एरवीही रोज बोलतो; या शहरात मात्र माझ्याखेरीज त्याच्या ओळखीचं अजून कुणी नाही. त्या आवारात रात्री नऊला बांधकामावरून सुटलेली माणसं, नर्सेस, लेकरं घेऊन आलेल्या आया अशी रांग असते, आणि कुणीतरी हटकून सांगतं की हिरवी साल्सा आज जास्त झणझणीत आहे. शुक्रवारी साडेआठला मी त्याला घ्यायला जातोय. गेम त्यानं घरी एकट्यानं लावायचा.